मॅग्नेटिक स्टिररपासून रॉकवेलपर्यंत: पेटंट वाचायचं कसं, आणि बेळगावातून भरायचं कसं

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, कुणी नवं फिक्श्चर (काम करताना भाग धरून ठेवणारी चौकट) उभं केलं, की बघायला आलेल्यांपैकी एकजण विचारतोच, "ह्याचं पेटंट होतंय काय ओ?" इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टलाही हाच प्रश्न पडतो. उत्तर देण्याआधी उलट विचारावं लागतं: हे यंत्र कुठलं दुखणं दूर करतं, आणि आजवर ते का दूर होत नव्हतं? पेटंट मिळतं ते त्या दुखण्यावर काढलेल्या नेमक्या तोडग्याला. हे धरून जुनी पेटंटं वाचली की ती समजतात, आणि स्वतःचं लिहितानाही कुठे जोर द्यायचा ते कळतं.

पेटंटचा कागद पहिल्या पानापासून वाचत बसू नये. शीर्षक मुद्दाम ढोबळ ठेवलेलं असतं, सारांशही तसाच. आधी शेवटाकडे जाऊन क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं, बघावीत, त्यातला पहिला क्लेम पेन्सिल घेऊन फोडावा आणि प्रत्येक घटकाला क्रमांक द्यावा. मग मागे येऊन पार्श्वभूमी वाचावी, कारण दुखणं तिथे सांगितलेलं असतं. चित्रं सगळ्यात शेवटी. पहिल्या क्लेममध्ये पाच घटक असतील आणि तुमच्या यंत्रात त्यातले चारच असतील, तर सर्वसाधारणपणे तुम्ही त्या क्लेमच्या बाहेर असता. पाचव्याच्या जागी नावापुरता बदल करून तेच काम त्याच पद्धतीने करून घेतलं असेल तर मात्र वाद होऊ शकतो.

दोन गोष्टींची गल्लत इथे नेहमी होते. अमेरिकेतलं पेटंट भारतात लागू होत नाही. ते इथे चालायचं तर इथे वेगळं घ्यावं लागतं. पण अमेरिकेत, जर्मनीत किंवा जपानमध्ये छापलेला कागद तुमच्या अर्जाचं नावीन्य मात्र खातो. म्हणजे बनवण्यापुरती देशाची हद्द आहे, नावीन्यापुरती नाही. आणि अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं संपली की तो तोडगा सगळ्यांचा होतो. खाली ज्या चार उपकरणांबद्दल लिहिलंय, त्यांची मूळ पेटंटं केव्हाच संपलीत. ती उघडून खुशाल बनवावीत.

ढवळणारी कांडी: मॅग्नेटिक स्टिरर

बंद भांड्यातला द्रव ढवळायचा तर झाकणातून शाफ्ट आत घालावा लागे. मग ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग) गळणार, वंगणाचा थेंब आत जाणार, काचेचा शाफ्ट मोडणार. यावर अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या रिचर्ड स्ट्रिंगहॅम यांना १९१७ साली पेटंट मिळालं. त्यांच्या यंत्राच्या तळात विद्युतचुंबक एका जागी स्थिर होते आणि त्यांच्या बदलत्या क्षेत्राने आतली ढवळणी फिरायची. पुढे न्यू जर्सीतल्या आर्थर रोझिंजर यांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अर्ज केला आणि ६ जून १९४४ रोजी त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक २३,५०,५३४. त्यात भांड्याखाली फिरता चुंबक आहे आणि भांड्यात प्लास्टिक, काच किंवा पोर्सेलीनने मढवलेला पट्टीचुंबक. चुंबकाने भांड्याबाहेरून ढवळण्याची कल्पना सत्तावीस वर्षं जुनी होती, तरी दुसरं पेटंट मिळालं, कारण चालवायची रचना वेगळी होती आणि रसायनाने चुंबक खाल्ला जाण्याचं दुखणंही त्यात सोडवलेलं होतं.

आज लॅबमध्ये दिसतो तो रोझिंजरच्याच घराण्यातला स्टिरर. मोटरच्या शाफ्टवर आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन चुंबक, एकाचा उत्तर ध्रुव वर आणि दुसऱ्याचा दक्षिण. वर चुंबकाला न चिकटणारा पत्रा, त्यावर बीकर, बीकरात टेफ्लॉनने मढवलेली चुंबकाची कांडी.

फिरताना खालचा चुंबक पुढे असतो आणि कांडी थोडी मागे. द्रव जितका घट्ट, तितका हा मागे पडण्याचा कोन मोठा. कोन ९० अंशांपर्यंत वाढेतो पकड वाढत जाते. त्यापुढे ती उतरायला लागते आणि कांडी सुटते, मग बीकरच्या तळाशी तडतड उड्या मारते. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मळीचा नमुना पातळ करताना हा अनुभव रोजचा. तिथे मोठी मोटर लावून उपयोग होत नाही, कारण कमी पडत असते ती चुंबकाची पकड. इलाज दोनच: अंतर कमी करा, नाहीतर गती कमी करा. थांबलेल्या कांडीला एकदम मिनिटाला १००० फेऱ्यांवर नेलं तरी ती सुटते, कारण पहिल्या अर्ध्या फेरीत तिला तेवढा वेग घेता येत नाही. १०० फेऱ्यांपासून हळूहळू चढवावं.

बनवायला बसलात तर ही मापं धरा. कांडी ४० मि.मी. लांब असेल, तर खालच्या दोन चुंबकांच्या मध्यांतलं अंतर ३५ ते ४० मि.मी. चुंबकाचा माथा आणि पत्रा यांच्यात १ मि.मी. मोकळीक, पत्रा २ मि.मी., बीकरची काच २ ते ३ मि.मी., कांडीची निम्मी जाडी ४ मि.मी.; एकूण १० मि.मी.च्या आत बसायला हवं. इथे २ मि.मी. वाचवले तर चुंबकाची प्रत बदलण्याइतका फरक पडतो, कारण अंतर वाढलं की छोट्या चुंबकांची ओढ झपाट्याने घटते.

पत्र्याची निवड सर्वात जास्त चुकते. साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा वापरला की चुंबकीय रेषा पत्र्यातूनच वळतात आणि कांडीपर्यंत फारसं काही पोचत नाही. अॅल्युमिनियम चालतं, पण जास्त गतीला त्यात भोवरे-प्रवाह तयार होतात, पत्रा कोमट होतो आणि मोटरवर ओझं येतं. ३०४ स्टेनलेस चांगलं. मात्र ते वाकवलं किंवा दाबून खोल केलं की वाकलेल्या जागी थोडं चुंबकीय होतं. कोपऱ्यावर चुंबक लावून बघा, लगेच कळतं.

हॉटप्लेटचा स्टिरर हे वेगळं प्रकरण. बाजारात मिळणारा साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची ताकद गमावायला लागतो. नवं यंत्र आधी झकास चालतं, चार-सहा आठवड्यांत कांडी सुटायला लागते, आणि दोष मोटरवर जातो. तिथे फेराइट किंवा समेरियम-कोबाल्ट वापरावा, हीटर आणि चुंबक यांच्यात उष्णतारोधक थर व हवेची फट ठेवावी. चुंबक नुसता सुपरग्लूने चिकटवू नये. उष्णतेने चिकट सुटतं आणि चुंबक आतल्या आत उडून पत्र्यावर आपटतो. खळगा करून त्यात इपॉक्सीने बसवावा.

प्रोजेक्टवाली मुलं संगणकाच्या १२ व्होल्टच्या पंख्यावर स्टिरर करतात. स्वस्त आणि ठीक आहे. पण जोरदार चुंबक थेट हबवर चिकटवला तर पंख्यातला हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) गोंधळतो आणि पंखा सुरूच होत नाही किंवा धक्के देतो. मध्ये ५-६ मि.मी. जाडीचा प्लास्टिकचा तुकडा घालावा. दोन्ही चुंबकांचं वजन सारखं नसेल तर हादरा येतो, आणि बीकर हळूहळू सरकत कडेला जातो.

बीकरचा तळ बहुधा मध्यभागी किंचित वर आलेला असतो. त्यावर लांब गुळगुळीत कांडी ठेवली की ती घसरून कडेला जाते; मधोमध कडं असलेली कांडी एका टेकूवर फिरते म्हणून टिकते. अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या कांड्या ड्रॉवरमध्ये एकमेकींवर टाकून ठेवल्या की एकमेकींच्या विरुद्ध क्षेत्राने त्यांची ताकद उतरते. जोडीजोडीने, विरुद्ध ध्रुव जुळवून ठेवा.

आता दुखणं काय शिल्लक राहिलं? कांडी सुटली हे ओळखून गती आपोआप उतरवणारा स्टिरर सुचतो, तसा तो अनेकांना सुचलेला आहे, आणि त्यावरची पेटंटं शोधात सापडतात. विद्यार्थ्यांनी निराश होऊ नये, पण अर्जाचे पैसे भरण्याआधी शोधाचा एक आठवडा द्यावा.

रॉकवेल: भार दोनदा का देतात

बेळगावच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये किंवा फाउंड्रीच्या तपासणी खोलीत कडकपणा मोजायचं यंत्र असतं, आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्यायही होतो. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिस्टल गावी न्यू डिपार्चर ही बॉल बेअरिंग करणारी कंपनी होती. तिथल्या ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी १५ जुलै १९१४ रोजी अर्ज केला आणि ११ फेब्रुवारी १९१९ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक १२,९४,१७१. दुखणं असं: बेअरिंगच्या रेसचं (गोळ्या फिरतात त्या कड्याचं) हीट ट्रीटमेंट नीट झालं की नाही, हे झटपट कळत नव्हतं. गोळी दाबून कडकपणा काढायच्या ब्रिनेल चाचणीचा ठसा मोठा, जॉब (तपासायचा भाग) बाद करणारा, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजावा लागे. खोलीतल्या फरकावरून कडकपणा काढायचं तत्त्व व्हिएन्नात लुडविक यांनी १९०८ सालीच मांडलेलं होतं. रॉकवेलांनी ते शॉपमधल्या माणसाला डायलवर थेट वाचता येईल अशा यंत्रात बसवलं. पुढे स्टॅन्ली रॉकवेल यांनी सप्टेंबर १९१९ मध्ये सुधारणेसाठी पुन्हा अर्ज केला. ते पेटंट नोव्हेंबर १९२४ मध्ये मिळालं. स्वतःच्याच यंत्राचं उरलेलं दुखणं शोधून दुसरं पेटंट घेणं ही चांगली सवय आहे.

सी स्केलवर १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू, टोकाची त्रिज्या ०.२ मि.मी. आधी १० किलोचा किरकोळ भार द्यायचा आणि डायल शून्याला लावायची. मग आणखी १४० किलो, म्हणजे एकूण १५०. मग मुख्य भार काढून, किरकोळ भार तसाच ठेवून वाचायचं. वाढलेली खोली मि.मी.मध्ये घ्या, ०.००२ ने भागा, १०० मधून वजा करा: हा एचआरसी, म्हणजे सी स्केलवरचा रॉकवेल कडकपणा. म्हणजे एक अंक म्हणजे फक्त दोन मायक्रॉन.

हे दोन मायक्रॉन डोक्यात ठेवले की बाकीचे सगळे नियम आपोआप समजतात. किरकोळ भारामुळे वरची खपली, धूळ, स्क्रूची ढिलाई हे सगळं आधीच बसून जातं. मोजणी त्यानंतर सुरू होते. पण जॉबच्या तळाला बर (कापल्यावर उरलेली धातूची कोर) राहिली आणि मुख्य भाराखाली ती १० मायक्रॉन दबली, तर वाचन ५ अंकांनी खाली येतं. ५८ चा जॉब ५३ दाखवतो, आणि हीट ट्रीटमेंटवाल्याशी विनाकारण भांडण होतं. अॅन्व्हिलवर (जॉब ठेवायच्या बैठकीवर) कागद, रबर किंवा तेलाचा जाड थर ठेवणारे लोक अजून आहेत.

अॅन्व्हिल किंवा हिरा बदलला की पहिली दोन वाचनं टाकून द्यावीत. भाग नीट बसायला तेवढं लागतं. दोन ठशांच्या मध्यांत ठशाच्या व्यासाच्या तिप्पट अंतर, कडेपासून अडीच पट. शंकूसाठी जॉबची जाडी ठशाच्या खोलीच्या किमान दहापट, गोळीसाठी पंधरापट. बारीक शाफ्टवर सरळ घेतलेलं वाचन खरं असतं त्यापेक्षा कमी येतं, कारण ठशाच्या दोन्ही बाजूंना आधाराला धातू कमी. तिथे तक्त्यातली दुरुस्ती मिळवावी लागते. भार धाडकन पडत असेल तर डॅशपॉटचं (भार सावकाश उतरवणाऱ्या सिलिंडरचं) तेल बघा. झटक्याने शंकू जास्त खोल जातो आणि वाचन घसरतं. यंत्र पॉवर प्रेसच्या शेजारी ठेवू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं. आणि रोज सकाळी टेस्ट ब्लॉक (कडकपणा आधीच ठाऊक असलेला ठोकळा) तपासावा, तोही आपल्या जॉबच्या जवळच्या कडकपणाचा. ६२ चा ब्लॉक बरोबर आला म्हणून ३० चं वाचन बरोबर, असं होत नाही.

ग्रे आयर्नच्या, म्हणजे साध्या बिडाच्या, कास्टिंगला मात्र रॉकवेलचा शंकू लावू नये. त्याचं टोक ग्राफाइटच्या पात्यावर पडलं तर एक आकडा, शेजारच्या कडक धातूवर (पर्लाइट) पडलं तर दुसरा. तिथे ब्रिनेल: १० मि.मी.ची गोळी, ३००० किलो, १० ते १५ सेकंद. मोठ्या ठशात पातं आणि धातू दोन्हींची सरासरी येते. ठसा ४.०० मि.मी. आला तर कडकपणा २२९; तोच ४.०५ वाचला तर २२३. म्हणून ठसा एकमेकांना काटकोनात दोनदा मोजून सरासरी घ्यावी, आणि वरची कास्ट त्वचा आधी ग्राइंड करून काढावी. त्वचेवरचा आकडा कास्टिंगचा नसतो.

फाउंड्रीचा विषय निघालाच आहे तर एसजी (स्फेरॉइडल ग्राफाइट) आयर्नचंही सांगून टाकतो. इंटरनॅशनल निकेल कंपनीत मिलिस, गॅग्नेबिन आणि पिलिंग यांना ऑक्टोबर १९४९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, क्रमांक २४,८५,७६०. मॅग्नेशियमने ग्राफाइट पात्याऐवजी गोळीच्या आकारात यायला लागतं. आज आपण उरलेलं मॅग्नेशियम साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के ठेवतो, गंधक आधी कमी करतो, आणि लॅडलमध्ये (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यात) उपचार झाल्यावर दहा मिनिटांच्या आत ओततो. उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं आणि शेवटच्या साच्यांत पुन्हा पाती दिसतात. मिश्रधातूच्या पेटंटमध्ये टक्केवारी हाच प्राण असतो. टक्केवारी का तेवढीच, तिच्या खाली आणि वर काय बिघडतं, हे चाचणीच्या आकड्यांनी दाखवता आलं नाही तर पेटंट कार्यालयाचा परीक्षक ते साधं मिश्रण समजतो.

पिपेट, व्होर्टेक्स आणि ७५० मीटर उंची

तोंडाने पिपेट (मापून द्रव उचलायची नळी) ओढण्यावर जर्मनीतल्या मारबुर्ग गावी हाइनरिश श्निटगर यांनी १९५७ साली तोडगा काढला: स्प्रिंगवरचा पिस्टन, मध्ये हवेची उशी, खाली बदलता येणारी प्लास्टिकची टिप. द्रव पिस्टनपर्यंत पोचतच नाही. पण हवेची उशी हेच पुढचं दुखणं झालं, कारण हवा ताणली जाते. टिपमध्ये ५० मि.मी. उंच पाण्याचा स्तंभ लटकला की तो साधारण ५ हेक्टोपास्कलने हवेला खाली ओढतो. कारवारला हवेचा दाब १०१३ च्या आसपास, बेळगावला ७५० मीटर उंचीमुळे सुमारे ९२५. तोच स्तंभ इथे हवेला थोडा जास्त ताणतो, म्हणून पिपेट किंचित कमी माप देतं. फरक छोटा आहे, पण जिथे मोजायचं तिथेच कॅलिब्रेशन व्हावं, या नियमामागे हे एक कारण आहे. कॅलिब्रेशन म्हणजे पाणी वजन करणं: २० अंशांना एक ग्रॅम पाणी म्हणजे १.००२९ मि.लि. धरावं, १ नव्हे. टिप आधी एकदा ओली करून घ्यावी, पिपेट उभं धरावं, हातात फार वेळ गरम होऊ देऊ नये. १००० मायक्रोलिटरच्या पिपेटला आयएसओ ८६५५ प्रमाणे सरासरी चूक ८ मायक्रोलिटरच्या आत हवी.

उंचीचा याहून मोठा फटका ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राला) बसतो, आणि तो फारसा कुणी हिशोबात धरत नाही. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. समुद्रकाठी चौरस इंचाला १५ पौंड दाबाला आत १२१ अंश असतात. बेळगावात त्याच १५ पौंडाला साधारण ११९.५. तापमान १० अंश उतरलं की जंतू मारायला दहापट वेळ लागतो हे धरलं, तर १५ मिनिटांच्या कामाला इथे सुमारे २१ मिनिटं हवीत. शिवाय सुरुवातीची हवा पूर्ण काढली नसेल तर गेज १५ दाखवेल आणि तापमान आणखी कमी असेल. वेळ तापमापकावरून मोजावी, गेजवरून नाही. यावर "तापमानावर चालणारा ऑटोक्लेव्ह" असं पेटंट मात्र सुचवू नका, ते फार जुनं आहे.

टेस्ट ट्यूब हलवून आतला द्रव मिसळणारा व्होर्टेक्स मिक्सर क्राफ्ट बंधूंचा, अर्ज १९५९, पेटंट १९६२. मोटरच्या शाफ्टवर मध्यापासून सरकवलेली पिन, तिच्यावर बेअरिंगमध्ये रबरी कप. कप स्वतःभोवती फिरत नाही, नुसता छोट्या वर्तुळात हलतो. बिघाड दोनच: रबर कडक होणं, आणि प्रतिभार ढिला होऊन यंत्र टेबलावर चालायला लागणं.

अर्ज करायचा म्हटलं तर

पेटंट कायदा १९७० चा. त्यातलं कलम ३ आधी वाचावं, कारण आपल्याकडचे बहुतेक अर्ज तिथेच अडतात. त्यातला एफ हा पोटभाग म्हणतो, की ओळखीची साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपलं आपलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध नाही. एका डब्यात स्टिरर, पीएच मीटर आणि तापमापक बसवले हे याचं नेहमीचं उदाहरण. तेच पीएचच्या वाचनावरून ढवळण्याची गती बदलत असेल आणि त्यामुळे इलेक्ट्रोडचं वाचन लवकर स्थिर होत असेल, तर घटकांचं एकमेकांशी नातं तयार झालं. मग चर्चा सुरू होऊ शकते. डी हा पोटभाग ओळखीच्या यंत्राचा नुसता नवा वापर बाद करतो.

शोध घ्यायला भारतीय पेटंट कार्यालयाचं संकेतस्थळ, गूगल पेटंट्स आणि युरोपचं एस्पासनेट, तिन्ही फुकट. नुसत्या शब्दांनी शोधू नये. "स्टिरर" म्हणणारा एक, "अॅजिटेटर" म्हणणारा दुसरा. वर्गाचे क्रमांक वापरा: बी०१एफ मिसळण्याची यंत्रं, बी०१एल प्रयोगशाळेची सर्वसाधारण साधनं, बी०४बी सेंट्रिफ्यूज, जी०१एन चाचणी व पृथक्करण (कडकपणा त्यात जी०१एन ३ खाली), बी२२डी ओतकाम. जवळचं एक पेटंट सापडलं की त्याने कुणाचा उल्लेख केलाय आणि त्याचा कुणी केलाय, ही साखळी दोन्ही बाजूंनी ओढावी.

क्लेम लिहिण्याचा नमुना बघा. "कास्टिंगचा कडकपणा मोजण्याचं सुधारित यंत्र" यात काहीच नाही. त्याऐवजी: खडबडीत तळाच्या कास्टिंगसाठी अॅन्व्हिल गोल बैठकीत बसवलेली, किरकोळ भाराखाली ती जॉबच्या तळाशी जुळवून घेते, आणि मुख्य भार सुरू होण्याआधी भाराच्या त्याच दांड्याने चालणारी कळ तिला जखडते. इथे दुखणं दिसतं, घटक दिसतात, आणि कोण कुणाच्या आधी हलतं हेही दिसतं. ही कल्पना फक्त लिखाणाच्या नमुन्यासाठी आहे. नवी आहे असं समजून कुणी अर्ज करू नये.

कर्नाटकातला अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातो, महाराष्ट्रातला मुंबईकडे. सीमेवर याला अर्थ आहे. कारखाना निपाणीला आणि भागीदार कागलला असं असेल, तर पहिलं नाव असलेल्या अर्जदाराचा पत्ता किंवा धंद्याची जागा, अथवा शोध जिथे लागला ती जागा, यावरून कार्यालय ठरतं. एकदा ठरलं की सहसा बदलत नाही. अर्ज ऑनलाइन डिजिटल सहीने होतो आणि सुनावणी व्हिडिओवर, त्यामुळे चेन्नईला जायची वेळ क्वचितच येते. भाषा मात्र हिंदी किंवा इंग्रजीच; मराठी चालत नाही, कन्नडही नाही.

फॉर्म १ अर्जाचा, २ विवरणाचा, ३ परदेशी अर्जांचा, ५ शोधकर्त्यांचा. एकट्या व्यक्तीला, लघुउद्योगाला, स्टार्टअपला आणि शिक्षणसंस्थेला ऑनलाइन फी १,६०० रुपये, इतरांना ८,०००. तीस पानांपुढे प्रत्येक पानाला १६० आणि दहा क्लेमपुढे प्रत्येक क्लेमला ३२० रुपये जादा. लघुउद्योगाने उद्यम नोंदणी जोडून फॉर्म २८ द्यावा, नाहीतर मोठ्या फीचा तगादा येतो. परीक्षणाची मागणी फॉर्म १८ ने वेगळी करावी लागते, छोट्या अर्जदाराला ४,००० रुपये. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ती ३१ महिन्यांच्या आत करायची. पूर्वीचे ४८ महिने गेले. ही मागणी विसरली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं, आणि हे होतं, चांगल्या अर्जांचंही होतं.

तात्पुरतं विवरण भरून बारा महिन्यांत पूर्ण विवरण देता येतं. यात लोक एका पानात गोड वर्णन लिहून मोकळे होतात. पहिल्या कागदात वरच्या नमुन्यातल्या जखडणाऱ्या कळीचा उल्लेखच नसेल, तर त्या कळीला पहिली तारीख मिळत नाही. मध्यंतरी दुसऱ्याने छापलं तर तुम्ही गेलात. क्लेम नसले तरी चालतील, पण प्रत्येक भाग, त्याचा पर्याय आणि मापांची मर्यादा तिथे हवी.

चित्रं ए४ कागदावर, वर आणि डावीकडे ४ सें.मी., खाली आणि उजवीकडे ३ सें.मी. समास. भागांना नावं न लिहिता आकडे द्यायचे, आणि तेच आकडे क्लेममध्ये कंसात. सारांश १५० शब्दांत. कॅडमधून काढलेलं रंगीत शेडिंगचं चित्र देऊ नका. काळ्या रेषांचं काढा. आतला भाग दिसत नसेल तर छेद घ्या.

अर्ज करण्याआधी दाखवायचं नाही, हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि तरी मोडतो. कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवणं, रील टाकणं, एक नग विकणं, शोधनिबंध छापणं, या सगळ्याने नावीन्य जातं. कायद्यातली प्रदर्शनाची बारा महिन्यांची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती आहे. प्रोजेक्ट एक्स्पो त्यात बसत नाही. गिऱ्हाइकाला कोटेशनबरोबर ड्रॉइंग पाठवायचं असेल तर आधी गुप्ततेचं पत्र सही करून घ्या. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर परवानगी घ्या, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा. आणि शोधकर्ता कोण, मालक कोण, हे फॉर्म भरतानाच लिहून ठेवा. कॉलेज, विद्यार्थी आणि जॉब करून देणारा वर्कशॉपवाला यांच्यात नंतर होणारे बहुतेक वाद इथेच टळतात.

यंत्रात नवं काही नसून फक्त बाहेरचा आकार चांगला जमला असेल, तर पेटंटच्या मागे लागू नये. डिझाइनची नोंदणी स्वस्त पडते, दहा वर्षं मिळतात आणि पाच वाढवता येतात.

परीक्षकाचा पहिला अहवाल आला की उत्तराला सहा महिने असतात, मागून घेतले तर आणखी तीन. अहवालात बहुधा दोन जुने कागद जोडून म्हटलेलं असतं, की या दोघांवरून कुणालाही हे सुचलं असतं. "आमचं वेगळं आहे" हे उत्तर होत नाही. एकाच कास्टिंगवर, एकाच माणसाने, जुन्या अॅन्व्हिलवर घेतलेली तीस वाचनं आणि नव्यावर घेतलेली तीस वाचनं, दोन्हींची पसरण शेजारी ठेवून द्यावी, आणि पहिल्या कागदातली कळ दुसऱ्या कागदातल्या यंत्रात बसवली तर ती कुठे अडकते, हे क्रमांक टाकून दाखवावं. ही वाचनं अर्ज करण्याआधीच घेऊन विवरणात छापलेली असतील तर जास्त वजन पडतं. अहवाल आल्यावर घाईने घेतलेल्या आकड्यांकडे परीक्षक संशयाने बघतो.

मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण. छोट्या अर्जदाराला सहाव्या वर्षापर्यंत ८०० रुपये, पुढे चढत सोळाव्यापासून ८,०००. मंजुरीला वेळ लागला तर मागच्या वर्षांची साठलेली फी मंजुरीची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत एकदम भरायची असते.